विहिरीतले चाबूक कोळी: तीन मृत्यू आणि एक वीण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस-तुरीच्या गावात एका शेतकरी कुटुंबाने सात चाबूक कोळी (कोळ्या-विंचवांच्या नात्यातले, पण बिनविषारी प्राणी) सांभाळले. पहिल्या चार महिन्यांत त्यातले तीन मेले. उरलेल्यांतल्या एका मादीने दिवाळीच्या सुमारास पिल्लं दिली. तिन्ही मृत्यूंच्या वेळी घरच्यांनी एकच निष्कर्ष काढला होता, काहीतरी रोग आला. रोग एकदाही नव्हता. दोन प्राणी कात टाकण्याच्या सुमारास गेले, पण दोघांची कारणं वेगळी होती. तिसरा विषाने गेला. विदर्भात हा प्राणी पाळू पाहणाऱ्या कुणालाही याच तीन गोष्टी आडव्या येणार आहेत, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडते आहे.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. या कुटुंबातला मुलगा आमच्याकडे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिला प्राणी मेला तेव्हा तो बरणीसकट माझ्याकडे आला आणि तिथून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. नावं आणि गाव मुद्दाम गाळलं आहे.

प्राणी घरात कसे आले

या कुटुंबाची शेतातली विहीर जुन्या दगडी बांधणीची. दगडांच्या फटींमध्ये बोट जाईल एवढी जागा. उन्हाळ्यात गाळ उपसून आतून सिमेंटचा गिलावा करायचं ठरलं आणि एप्रिलच्या अखेरीस काम लागलं. फटी बुजायला लागल्या तसे अंधार पडल्यावर हे प्राणी कठड्याकडे वर सरकू लागले. मजुरांनी पहिल्याच संध्याकाळी दोन-तीन चपलेने मारले. मुलाने उरलेले पकडून लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरले आणि घरी आणले. चार पूर्ण वाढलेले, तीन अर्धवट वाढीचे.

आईने दारातच अडवलं. ‘काऊन रे बाबू, घरात इचू पोसतं काय?’ त्यावर आजी म्हणाली, ‘इहिरीत लय दिवसापासून हायेत थे. कोनाले चावले नाही आजवर.’ आजीचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. चाबूक कोळ्याला विषग्रंथी नाही, नांगी नाही, शेपूट नाही, आणि तो जाळंही विणत नाही. अंग चपटं, काळपट तपकिरी, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचं. पण पाय पसरले की तळहात भरतो. आठ पायांतली पुढची जोडी चालण्याच्या कामाचीच नाही. ती लांबलचक आणि केसासारखी बारीक झालेली असते, आणि तिने प्राणी अंधारात चाचपतो, वास घेतो, वाट ओळखतो. तोंडाजवळ काटेरी पकडीचे दोन हात असतात. भक्ष्य टप्प्यात आलं की ते अडकित्त्यासारखे मिटतात. माणसाने चिमटीत दाबून धरलं तर हेच काटे टोचतात, त्यापलीकडे काही होत नाही.

तरीही आईची भीती मी हसण्यावारी नेली नाही. महाराष्ट्रात लाल विंचवाचा दंश जीवघेणा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं, त्याआधी या दंशाने माणसं मोठ्या प्रमाणावर दगावत. रात्री विहिरीवर, गोठ्यात, सरपणात काय चालतंय ते न पाहता हात घालू नये, हे चाबूक कोळी निरुपद्रवी असला तरी खरंच आहे. घरात सगळ्यांना एक खूण शिकवली: मागे वर वळलेली नांगी दिसली तर तो विंचू, लांब व्हायचं. नांगी नाही आणि पुढे दोन लांब दोरे हलताहेत, तर तो हा.

भारतात फ्रायनिकस या वंशाचे चाबूक कोळी आढळतात. त्यातल्या एका जातीला पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये फिप्सन यांचं नाव दिलं. हे फिप्सन म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या काळातले कार्यकर्ते. आपल्याकडे हा प्राणी तेव्हापासून शास्त्राच्या नोंदीत आहे, पण तो पाळायचा कसा यावर मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही. मुलाने सगळं इंटरनेटवरून गोळा केलं होतं. ती माहिती बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेली. तिथे प्राण्याला ऊब कशी द्यायची हा प्रश्न असतो. यवतमाळच्या मे महिन्यात प्रश्न बरोबर उलटा.

पहिला मृत्यू: मे महिना

माझ्याकडे आलेल्या बरणीत एक अर्धवट वाढीचा प्राणी मातीवर वाकडा पडलेला होता. भिंगाखाली पाहिलं. पाठीवरची जुनी कात नीट उकललेली होती. अंग बाहेर आलं होतं, चालायचे पाय अर्ध्याहून अधिक मोकळे झाले होते. पुढचे दोन लांब दोरे मात्र जुन्या नळीतच अडकलेले, आणि त्यांच्या ओढीने नवं मऊ अंग पिळवटून तसंच वाळलेलं. पोट सुरकुतलेलं. कुठेही बुरशी नाही, जखम नाही.

चाबूक कोळी कात टाकतो ती उलटं लटकून. उंच जागी मागच्या पायांच्या नख्या रोवतो, जुनी कात फाटते आणि नवं अंग स्वतःच्या वजनाने खाली घसरत बाहेर येतं. यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, खाली मोकळी जागा, पायांसकट प्राण्याच्या लांबीच्या दुपटीहून जास्त. दुसरी, अंगात भरपूर पाणी, कारण जुन्या आणि नव्या कातीच्या मधल्या ओलाव्यावरच ते सरकणं चालतं. सगळ्यात लांब आणि सगळ्यात बारीक अवयव म्हणजे पुढचे दोरे. ओलावा कमी पडला की आधी तेच अडकतात.

बरणी वीतभर उंच, त्यात चार बोटं माती. भिंती गुळगुळीत. फ्रायनिकसच्या पायांना गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटून राहणारी गादी नसते, त्यामुळे बरणीच्या काचेवर किंवा प्लास्टिकवर त्याला पाय रोवताच येत नाहीत. झाकणाला मुलाने खिळ्याने भरपूर भोकं पाडली होती, हवा मिळावी म्हणून. बरणी ठेवली होती मधल्या खोलीतल्या फळीवर.

त्या आठवड्यात बाहेर ४४ अंश होतं. मी त्याला महाविद्यालयातला छोटा तापमान-आर्द्रता मापक दिला आणि सांगितलं, आधी खोलीत मोज, मग विहिरीत दोरीने सोडून मोज. खोलीत फळीवर दुपारी ३७ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. विहिरीत, गिलावा अजून पोचला नव्हता त्या थराला, पाण्याच्या थोडं वर, २८ अंश आणि ८६ टक्के. एकाच शेतात, एकाच दुपारी. हे प्राणी आयुष्यभर त्या दुसऱ्या हवेत राहिले होते. बरणीत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या अंगातलं पाणी उतरत गेलं. मरण कातीच्या रात्री आलं, पण त्याची तयारी त्या फळीवर आधीच झाली होती. विहिरीतले ते दोन आकडे आम्ही पुढच्या सगळ्या कामासाठी उद्दिष्ट म्हणून धरले. बाहेरून आणलेल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ते मला जास्त खरे वाटतात.

मी पोचेपर्यंत मुलाने एक उपाय करून टाकला होता. भोकं चिकटपट्टीने बंद आणि आत ओला स्पंज. आर्द्रता वाढली, पण चार दिवसांत आत कुबट वास, मातीवर पांढरी बुरशी आणि स्पंजवर बारीक किडींची वळवळ. बंद दमटपणा ही वेगळीच आफत. विहिरीत हवा दमट असते, पण कोंडलेली नसते.

मांडणी नव्याने

नवीन घरं वीस लिटरच्या पाण्याच्या जारची केली. गळा कापून टाकला, तोंडाला स्टीलची बारीक जाळी बसवली. नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. बाजूला खालच्या भागात अजून एक छोटी जाळी, म्हणजे हवा खालून शिरून वरून निघते. उन्हाळ्यात वरच्या जाळीचा दोन तृतीयांश भाग प्लास्टिकने झाकायचा, पावसाळा लागला की ते काढायचं.

आत उभं काय ठेवायचं यावर बराच विचार झाला. दुकानातली कॉर्कची साल इथे मिळत नाही आणि मिळाली तरी परवडत नाही. जुन्या घराची उतरवलेली कवेलू, म्हणजे छपराची कौलं, मागच्या अंगणात रचून ठेवलेली होती. भाजलेल्या मातीचं कवेलू खरखरीत असतं, नख्या रोवता येतात, पाणी शोषून हळूहळू सोडतं आणि त्याच्या पोकळ बाजूला अंधारी खाच आपोआप तयार होते. दोन कवेलू तिरपी उभी केली, पोकळ बाजू आत. सोबत बाभळीच्या सालीचा एक तुकडा. आजतागायत सगळे प्राणी दिवसभर कवेलूच्या आतल्या बाजूलाच चिकटलेले असतात.

तळाला शेतातली काळी माती घालायचा मोह आवरावा लागतो. ओली झाली की ती चिखल होते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही अवस्थांत तिच्यात बुरशी धरते. नारळाच्या भुशात उन्हात तापवलेला पालापाचोळा कुस्करून मिसळला, चार बोटांचा थर दिला. शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला ओल्या पानांखाली पांढरे, टुणकन उडणारे बारीक जीव असतात, स्प्रिंगटेल. ते मूठभर पानांसकट आत सोडले. बुरशी ते खाऊन टाकतात, आणि पुढे पिल्लांना तेच पहिलं अन्न झालं.

गारव्याचा उपाय आईने सुचवला. माठ वाळूवर ठेवतात तसे जार ओल्या वाळूच्या पाटात ठेवायचे आणि मागे ओलं बारदान टांगायचं. जागा बदलून ती मातीच्या भिंतीची, उत्तरेकडची धान्याची खोली निवडली. कूलरचा झोत थेट जारवर येऊ द्यायचा नाही, कारण वीज गेली की कूलर थांबतो आणि खोली तासाभरात कोरडी पडते; ओल्या वाळूला विजेची गरज नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात आतलं तापमान दुपारी ३१-३२ पर्यंत चढायचं आणि आर्द्रता ७५ च्या खाली आली नाही. विहिरीएवढं नव्हतं, पण त्या महिन्यात पुढे कुणी मेलं नाही. रोज संध्याकाळी कवेलूवर एकदा फवारणीच्या बाटलीने पाणी मारायचं. हे प्राणी पाण्याचे थेंब तोंडाने टिपून घेतात, ते पाहायला मिळालं.

दुसरा मृत्यू: जून

हा थोडक्यात सांगता येतो. अर्धवट वाढीच्या दुसऱ्या प्राण्याने खाणं सोडलं होतं, पोट ताणलेलं, रंग मळका. ही कात जवळ आल्याची लक्षणं. मुलाला वाटलं अशक्त झालाय, म्हणून त्याने चार मोठे रातकिडे आत सोडले. रात्री कात निघाली, उत्तम निघाली. पण कात टाकल्यावर प्राणी काही दिवस फिकट हिरवट-पांढरा आणि लोण्याएवढा मऊ असतो. रातकिड्यांनी त्याचं पोट कुरतडलं.

तेव्हापासून जारवर एक चिठ्ठी असते: शेवटचं कधी खाल्लं आणि आत जिवंत किडा आहे का. न खाल्लेला किडा सकाळी बाहेर. कात टाकल्यानंतर आठवडाभर अन्न नाही, फक्त पाणी. चाबूक कोळी महिना-महिना न खाता राहू शकतो. भूक हे त्याच्या जिवावरचं संकट जवळजवळ कधीच नसतं.

तिसरा मृत्यू: ऑगस्ट

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात पूर्ण वाढलेल्या दोन नरांपैकी एक कवेलूवरून खाली पडलेला सापडला. मुलाने फोनवर व्हिडिओ काढून पाठवला. चालायचे पाय थरथरत होते, पुढचे दोरे टोकाला वळून गुंडाळलेले, उलटा झाल्यावर सुलटं होता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत गेला. कात जुनी आणि कडक होती, उकलायची कुठलीच खूण नव्हती. पोट भरलेलं. जारमधली हवा ठीक, मापक तेच सांगत होता. म्हणजे आधीच्या दोन्ही कारणांचा इथे संबंध नव्हता.

दोन रात्रींआधी त्याने एक नाकतोडा खाल्ला होता. नाकतोडे कुठून आणले, विचारलं. वडील म्हणाले, ‘आपल्याच धुऱ्यावरचे होते, मॅडम. बाहेरचे नाही आणले.’ धुरा म्हणजे शेताचा बांध. कपाशीवर फवारा कधी मारला? त्याच सकाळी. मावा-तुडतुड्यांसाठी. उरलेले नाकतोडे एका डब्यात ठेवले होते, तो उघडून पाहिला तर त्यातले बहुतेक पाय झाडत पडलेले किंवा मेलेले. प्रयोगशाळेत काही पाठवलं नाही. तो डबाच पुरावा होता.

यवतमाळला हे कुणी नव्याने सांगायची गरज नाही. २०१७ च्या हंगामात या एका जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध पाठीवरच्या पंपातून माणसाच्या श्वासात आणि कातडीत गेलं, ते नाकतोड्याच्या पोटातून एका छोट्या प्राण्यात जायला कितीसं लागतं? कीटकनाशक मारलेल्या शेतातला, धुऱ्यावरचा, रस्त्याच्या दिव्याखाली जमलेला एकही किडा हंगामात प्राण्याला घालायचा नाही. दिव्यावर येणारे पतंग कुठल्या शेतातून उडत आले ते कळत नाही. घरातली झुरळंही नकोत. औषधाचे खडू, पावडर, फवारे याचा मारा कुठल्या ना कुठल्या घरात झालेला असतोच.

म्हणून रातकिडे घरीच वाढवायचे ठरले. झाकणाला जाळी असलेली मोठी बादली, आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे. खायला ज्वारीचा भरडा आणि गाजराचे काप, पाण्यासाठी ओला कापूस, कारण उघड्या वाटीत पिल्लं बुडतात. ओलसर वाळूची एक वाटी ठेवली की माद्या तिच्यात अंडी घालतात. ती वाटी दुसऱ्या डब्यात हलवली की उन्हाळी-पावसाळी उबेत दोन आठवड्यांच्या आत मुंगीएवढी पिल्लं निघतात. पहिल्या पिढीला हात लावला नाही, दुसऱ्या पिढीपासून खायला घातलं. बादलीला वास येतो हे खरं. आजीने ती गोठ्याकडे हलवायला लावली, आणि गोठ्यात गोचिडाचं औषध मारतात म्हणून ती परत धान्याच्या खोलीच्या बाहेर आली.

वीण

मादीचं प्रकरण यात आधीपासून सुरू होतं. जूनच्या अखेरीस, मृग बरसून हवा दमट झाल्यावर, मुलाने दोन मोठ्या माद्यांपैकी एकीच्या जारमध्ये संध्याकाळी नर सोडला. आधी दोघांना पोटभर खायला घातलं होतं, कारण भुकेली मादी नराला भक्ष्य समजू शकते. टॉर्चच्या काचेला लाल जिलेटिन कागद गुंडाळून तो बसला. लाल उजेडाने या प्राण्यांना फारसा त्रास होत नाही.

त्याने लिहिलेली नोंद माझ्याकडे आहे. नर बराच वेळ थोड्या अंतरावर उभा. एक दोरा पुढे करून तो मादीच्या पायांवर, पाठीवर हलके टपटप करत होता, आणि मधूनच तो दोरा थरथरवत होता. मादी मागे सरली, मग थांबली, मग तिनेही आपला दोरा त्याच्या अंगावर फिरवला. असं अर्धी रात्र. मग नराने पाठ फिरवली, कवेलूच्या पायथ्याशी बूड टेकवलं आणि काही मिनिटांनी पुढे सरला. तिथे एक बारीक उभा देठ होता, टोकाला शुक्राणूंची पिशवी. नराने मादीला दोऱ्यांनी ओढत, थोपटत त्या देठावर आणलं. सकाळी रिकामा देठ तेवढा उरला होता, सुईच्या टोकाएवढा पांढरट. तो मुलाने काचेच्या पट्टीवर घेऊन मला दाखवला. मी वर्गात हे प्रकरण चित्रावरून शिकवत आले. देठ हातात घेऊन शिकवता आलं ते यंदा.

जुलैच्या अखेरीस मादीच्या पोटाखाली चपटी, चामड्यासारखी पिशवी दिसली, आत हिरवट-पिवळी अंडी. आता तीन महिने तिला ती पोटाखाली घेऊनच जगायचं असतं. या काळात दोन धोके: तिला धक्का बसला किंवा फार कोरडं पडलं तर ती पिशवी टाकते किंवा खाऊन टाकते. जार हलवायचा नाही, वरून उघडायचा नाही, पाहुण्यांना दाखवायचा नाही. शेवटची अट सगळ्यात कठीण गेली, कारण तोवर गावात बातमी पसरली होती आणि गणपतीत येणारा जाणारा ‘तो इचू दाखव ना’ म्हणत होता. आई आता त्यांना दारातूनच परत पाठवत होती. खायला लहान रातकिडा, तोही मागचा संपल्यावरच. पाणी कवेलूच्या उलट्या बाजूला, तिच्या अंगावर नाही.

ऑगस्टमध्ये नर मेला तेव्हा या मादीच्या जारमध्येही धुऱ्यावरचे नाकतोडे गेले असते. ती त्या आठवड्यात काही खात नव्हती म्हणून वाचली.

दिवाळीच्या आधी काही दिवस तिच्या पाठीवर पांढरी पिल्लं दिसली, एकमेकांना खेटून. या अवस्थेत पिल्लाला खाता येत नाही, नीट चालताही येत नाही. आईच्या पाठीवर बसून पहिली कात टाकेपर्यंत थांबायचं एवढंच त्याचं काम. जे खाली पडतं ते परत चढू शकत नाही. तीन पडली. मुलाला ती रंगाच्या ब्रशने उचलून परत ठेवायची होती. मी नको म्हटलं. त्या तिघांसाठी मादीला डिवचलं असतं तर उरलेलीही हलली असती. त्याला ते पटायला वेळ लागला, आणि मला त्याचं ते वाईट वाटणं योग्यच वाटलं.

आठवड्या-दहा दिवसांत पाठीवरच कात टाकून १९ पिल्लं खाली उतरली. आता त्यांना चेहरामोहरा आला होता, पकडीच्या हातांवर लालसर झाक. पहिले काही दिवस स्प्रिंगटेल, मग केळ्याच्या सालीवर वाढवलेली चिलटं. चिलटं फ्रिजमध्ये दोन मिनिटं ठेवली की सुस्त होतात, तेवढ्यात जारमध्ये सोडायची. नंतर बादलीतले नुकते निघालेले रातकिडे.

पिल्लं आईसोबत ठेवावीत की वेगळी, यावर मतभेद आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या लिंडा रेयर आणि लिसा टेलर यांनी २००६ मध्ये आफ्रिकेतल्या आणि फ्लोरिडातल्या दोन जातींबद्दल दाखवून दिलं की आई आणि भावंडं महिनोन् महिने एकत्र राहतात, एकमेकांना दोऱ्यांनी सतत चाचपतात. ते वाचून मुलाला सगळी एकत्र ठेवायची होती. मी अर्धी आईजवळ आणि अर्धी वेगळ्या छोट्या डब्यांत ठेवायला सांगितलं. आईजवळची तीन आठवडे सुखरूप होती. पिल्लं तिच्या पायांखालून फिरायची, आणि तिचा दोरा त्यांच्यावरून जायचा. पण दुसऱ्या कातीनंतर आकारात फरक पडला, मोठ्याने लहानाला खाल्ल्याचं एकदा दिसलं, आणि सगळी वेगळी केली. डबे वेगळे असले तरी उंचीची अट तीच: आत उभा खरखरीत तुकडा आणि खाली मोकळी जागा. कातीतली दोन पिल्लं डिसेंबरच्या कोरड्या थंडीत गेली. विदर्भात हिवाळाही कोरडा असतो हे उन्हाळ्याच्या नादात विसरायला होतं. संक्रांतीला १४ जिवंत होती.

पिल्लांचं काय करायचं

शहरातून एकाने फोन केला. एका पिल्लाला दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे द्यायला तो तयार होता, मोठी मादी असेल तर बरेच जास्त. घरात हा विषय गंभीरपणे चर्चेला आला, आणि तो यायलाच हवा होता. त्या वर्षी कापसाचा हिशेब काही चांगला नव्हता.

मी माझं मत स्पष्ट सांगितलं. हे प्राणी कुटुंबाच्या स्वतःच्या विहिरीतून, तिच्या फटी बुजत असताना काढले गेले. उद्या यांना भाव आहे असं गावात पसरलं तर पुढच्या उन्हाळ्यात पोरं प्रत्येक विहिरीत उतरतील. त्यात अंडी घेतलेल्या माद्या आधी सापडतात, कारण त्या हळू चालतात. जवळच टिपेश्वर अभयारण्य आहे. अभयारण्यातून कुठलाही वन्य जीव उचलणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि विकणाऱ्याकडचं पिल्लू विहिरीतलं की जंगलातलं हे घेणाऱ्याला कळत नाही. परदेशी जातींचा व्यापार तर आणखी वेगळ्या परवानग्यांचा आणि आणखी धोक्याचा. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘विकायचं नाही, मॅडम. पण एवढे पोसायचे कसे?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

शेजारच्या शेतात चुलत्यांची विहीर आहे, तीही दगडी, गिलावा न केलेली. या दोन विहिरींमध्ये जेमतेम दोन शेतांचं अंतर, आणि चुलत्यांच्या विहिरीत हेच प्राणी रात्री दिसतात. वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी बोलून, फेब्रुवारीत, उन्हाळा तापायच्या आत, ११ पिल्लं आणि अर्धवट वाढीचा उरलेला एक प्राणी तिथे सोडले. हे करता आलं कारण मूळ वस्ती तीच होती, आणि वर्षभर या खोलीत बाहेरून आणलेला एकही दुसरा कोळी, विंचू किंवा विकतचे किडे आले नव्हते. यातलं काहीही वेगळं असतं तर मी सोडायला नाही म्हटलं असतं. विकत घेतलेला, परक्या जातीचा प्राणी इथल्या विहिरीत सोडणं हे त्या विहिरीतल्या प्राण्यांवर संकट आणणं आहे.

घरात आता दोन माद्या, एक नर आणि तीन पिल्लं आहेत. अंडी घातलेल्या मादीने जानेवारीत कात टाकली. चाबूक कोळी वयात आल्यावरही कात टाकत राहतो, आणि पकडताना तुटलेला तिचा डावा दोरा या कातीत अर्ध्या लांबीचा परत आला आहे. मुलाला यंदा दुसऱ्या मादीची जोडी लावायची आहे. मी तीन अटी घातल्या आहेत. मेमध्ये जार ३२ अंशांच्या वर गेला नाही तरच. रातकिड्यांच्या बादल्या तोवर दोन झाल्या तरच. आणि होणारी पिल्लं कुठे जाणार हे चुलत्यांशी आधी ठरवून. या तीन पिल्लांची आपसात जोडी लावायची नाही, हे वेगळं सांगायला लागलं नाही. वाळूचा पाट त्याने या वर्षी होळीच्या आधीच भरून ठेवला आहे.